हरळी पेरणारी बाई

आमच्या दिग्रस-पुसदकडे 'लॉन' म्हटलं की कोणाला गवत आठवत नाही, लग्न आठवतं. 'लग्न कुठे आहे?' 'बायपासच्या लॉनवर.' भिंत घातलेली मोठी जागा, एका टोकाला स्टेज आणि दुसऱ्या टोकाला जेवणाचे काउंटर, एवढं असलं की झालं लॉन. खाली गवत असो की मुरूम. मी आयुष्यभर अशा लॉनमधलं गवत सांभाळलं. वाजंत्रीवाले, घोडीवाले, आचारी, फोटोवाले सगळे लोकांना माहीत असतात. गवत कोण आणतं हे मात्र आजवर कोणी विचारलं नाही. बहुतेकांना वाटतं, ते आपोआप येतं.

माझं माहेर घाटंजी तालुक्यातलं. वडील पराटी, म्हणजे कपाशी, आणि तूर पेरायचे. त्यांचा एकच शत्रू होता, हरळी. वावरात तिचं एक पेर राहिलं तरी पुढच्या महिन्यात पिकाची सगळी ओळ ती धरून बसते, त्यामुळे ती खणून, वाळवून, बांधावर नेऊन जाळायची, हे काम आम्ही लहानपणापासून केलं. लग्न होऊन मी दिग्रसला आले, नर्सरी काढली आणि हळूहळू लॉनची कामं घ्यायला लागले. एकदा वडील भेटायला आले होते. ओसरीवर बियाण्याची थैली होती.

"कायचं बी आहे?" त्यांनी विचारलं.

"हरळीचं."

त्यांनी थैलीत हात घातला, चिमूटभर बी तळहातावर घेऊन पाहिलं. "इकत आणलं?"

"हो बाबा. लोक पैसे देऊन पेरून घेतात."

त्यांनी बी परत थैलीत टाकलं आणि हात झटकले. चहा झाला, निघायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "गावात कोणाले सांगू नको."

तर असा माझा धंदा. आता नर्सरी सुनेकडे दिली आहे आणि मी सल्ले देते, जे ती ऐकत नाही.

नवीन लॉन लावणं सोपं असतं. कठीण असतं ते विरळ झालेलं जुनं लॉन पुन्हा दाट करणं. लोकांना वाटतं, टक्कल पडलं की सगळं खणून नवीन लावावं. तसं करायची गरज नसते. जे गवत तग धरून आहे ते कामाचं असतं, त्याला हात लावायचा नाही, फक्त त्याच्यामधल्या मोकळ्या जागा भरायच्या. आधी गवत अगदी बुडाशी कापायचं. मग दाताळ्याने ओढून खालचा मेलेला, चिकटून बसलेला कचरा काढायचा, म्हणजे बी मातीला लागतं. ते कचऱ्यावर पडलं तर वाळून जातं. बोडक्या जागा खुरप्याने मोकळ्या करायच्या. हरळीचं बी रव्यापेक्षा थोडंसंच जाड असतं, म्हणून ते वाळूत मिसळून फेकायचं, अर्धं उभं आणि अर्धं आडवं. त्यावर चाळलेल्या शेणखताचा इतका पातळ थर द्यायचा की खालची माती दिसत राहावी. मग ते दाबायचं, आणि फवाऱ्याने थोडं थोडं पाणी दिवसातून अनेकदा द्यायचं. नळी सोडून पाणी दिलं तर सगळं बी वाहून कोपऱ्यात जमा होतं. आणि शेवटची गोष्ट, जी सांगायला सोपी आणि पाळायला सगळ्यात अवघड, म्हणजे त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, इतकंच ना, आम्हीच करतो. यवतमाळच्या एका बँकेतल्या साहेबांनी असंच केलं होतं. बंगल्यासमोरचं गवत विरळ झालं म्हणून त्यांनी बाजारात जाऊन 'गवताचं बी द्या' म्हणून सांगितलं आणि घरी येऊन हौसेने पेरलं. मला बोलावलं तेव्हा ते गवत माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि त्याला जांभळी फुलं लागली होती. दुकानदाराने त्यांना चाऱ्याच्या लसूणघासाचं बी दिलं होतं. गवताचं बी मागितलं, त्याने गवताचं बी दिलं, त्याचं तरी काय चुकलं? साहेब म्हणाले, "कापलं की दुप्पट येतंय हो." मी म्हटलं, "ते त्यासाठीच असतं." शेजारच्या गल्लीतल्या एका गवळ्याच्या म्हशी ते दोन वर्षं खात होत्या आणि साहेबांकडे दूध घट्ट येत होतं. शेवटी बाईसाहेबांनीच सांगितलं, लॉन राहू द्या.

पण मला सांगायचं आहे ते देवरावभाऊंच्या लॉनबद्दल.

देवरावभाऊ कापसाचे व्यापारी. जिनिंगचं काम धाकट्या भावाकडे देऊन त्यांनी गावाबाहेर लॉन काढलं होतं. मोठा आवाज, पांढरे कपडे, आणि गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नाही हा स्वभाव. त्यामुळे त्यांच्याकडे लग्नं सारखी चालू असायची आणि गवताला श्वास घ्यायला वेळ मिळायचा नाही. आषाढात मुहूर्त संपले, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. गेटपासून स्टेजपर्यंत, जिथून वरात यायची, तिथे पांढरी पायवाट पडलेली. काउंटरपाशी तेल सांडून माती काळी झालेली. खुर्च्या लागायच्या तिथे गवताच्याही रांगा, एक हिरवी आणि एक बोडकी.

"ताई, तुळशीचं लग्न झालं की पयला मुहूर्त माह्या स्नेहलचा आहे," ते म्हणाले. "सोयरे नागपूरचे आहेत. त्यायनं इथं पाय ठेवला की मखमलीवर ठेवला असं वाटलं पाह्यजे. तुमच्यानं होते का सांगा. नाही तं प्लास्टिकवाला माप घेऊन गेला."

स्नेहल त्यांची एकुलती एक मुलगी. आणि प्लास्टिकच्या गवताचं म्हणाल तर त्या वर्षी आमच्या भागात त्याची लाटच आली होती. ते एकदा अंथरलं की ना पाणी, ना खत, ना निंदण. म्हणजे माझंही काम संपलं आणि माझ्याबरोबरच्या बायकांचंही. कौसाबाई आणि तिच्या दोन जावा, तिघींना वावरातली मजुरी नसेल तेव्हा लॉनचं काम असायचं, आणि देवरावभाऊंचं लॉन हे आमचं सगळ्यात मोठं काम होतं. मी म्हटलं, "होते."

देव झोपतात ते चार महिने हाच आमचा हंगाम. लग्नं नाहीत, हवेत ओल आहे आणि जमीन गरम आहे. श्रावणात पावसाने उघडीप दिली तशी आम्ही सुरुवात केली. कौसाबाई सगळं मन लावून करायची, पण बी फेकताना दर वेळी कुरकुर करायची.

"उभी जिंदगी हे उपटू उपटू हाताचे घट्टे गेले नाईत, अन् बाई म्हनते पेर."

"पेर वो, रोजी मिळते ना?"

"रोजी मिळते म्हनूनच पेरून राह्यली. माह्या सासऱ्यानं पाय्यलं असतं तं घरात घेतलं नसतं मले."

होले बी टिपतात म्हणून देवरावभाऊंच्या गोदामातले मांडवाचे जुने पांढरे कपडे आम्ही वर अंथरले आणि ओले ठेवले. खाली ओल टिकते, पक्ष्यांना बी दिसत नाही. मग वाट पाहिली. आठवडा गेला, पंधरवडा गेला. कपडा उचलून पाहावं तर जुनं गवत मजेत वाढतंय आणि मधल्या जागा होत्या तशाच बोडक्या.

कौसाबाई म्हणाली, "बी मेलेलं व्हतं."

बी मेलेलं नव्हतं. त्याच थैलीतलं चिमूटभर मी घरी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं होतं, ते छान उगवलं होतं. जोराचा पाऊसही झाला नव्हता. मला काही सुचेना. एका सकाळी लवकर जाऊन मी कपडा गुंडाळला आणि त्या बोडक्या वाटेवर पुन्हा चिमूटभर बी टाकून उकिडवी बसून राहिले. थोड्या वेळाने मला एक बी चालताना दिसलं. त्याच्यामागे दुसरं, त्याच्यामागे तिसरं. मुंग्यांची ओळ लागली होती, प्रत्येकीच्या तोंडात माझं बी. मी त्या ओळीच्या कडेने चालत गेले. ओळ भिंतीजवळच्या कडुलिंबाखाली संपत होती. तिथे वारूळ होतं, वारुळाच्या तोंडाशी सोललेल्या टरफलांची रास होती, आणि त्याच्याभोवती कोवळ्या हरळीचं असं दाट, असं सुंदर कडं उगवलं होतं की काय सांगू. तसं लॉन मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आणि त्या वारुळापाशी देवरावभाऊ अनवाणी उभे होते. हातात स्टीलचा डबा. डब्यातलं पीठ आणि साखर चिमटीने सोडत होते, इतक्या हळुवार हाताने की मला क्षणभर वाटलं, हे दुसरंच कोणी आहे.

"भाऊ, हे कवा कवा करता?" मी विचारलं.

"रोज. काहून?"

"तुमच्या पाहुण्यायनं माझं सगळं बी नेलं."

त्यांनी खाली पाहिलं, ओळ पाहिली, हिरवं कडं पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. पिशवीतून मुंग्यांच्या पावडरचा डबा डोकावत होता. ती कामावर कायम सोबत असते, असल्या वेळी आम्ही तीच वापरतो.

"ते काय आहे?"

मी सांगितलं.

"ते गेटच्या बाहेर ठेवून या," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे मलाच कसंतरी झालं.

"मंग गवत येणार नाही, भाऊ."

"नको येऊ. मी प्लास्टिक आणतो. पन मुंग्यायले हात लावायचा नाही."

मी घरी आले ती चिडूनच. मनात म्हटलं, माणूस मोठा धार्मिक आहे, पण मुंग्यांना पीठ घालणार आणि आमच्या पोटावर प्लास्टिक अंथरणार. संध्याकाळी नर्सरीत रोपांना पाणी देत होते, तेवढ्यात स्नेहल स्कूटीवरून आली. मुलगी शांत, वडिलांच्या अगदी उलट. एका कुंडीवर बसली आणि म्हणाली, "काकू, बाबांचा राग नका मानू."

मग तिनेच सांगितलं. ती शाळेतही जात नव्हती तेव्हा तिला मेंदूत ताप गेला होता. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि डॉक्टर काही खात्री देत नव्हते. देवरावभाऊंचा कशावरच विश्वास नव्हता. सौदा आणि कापूस, एवढंच त्यांचं जग होतं. दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याने सहज सांगितलं, सेठ, नुसते बसून राह्यले, मुंग्यायले पीठ तरी घाला, मन लागते. त्यांनी घातलं. रोज घातलं. पोरगी उठून बसली. तेव्हापासून त्यांचा एक दिवस चुकलेला नाही. लग्नाला जावोत की तीर्थाला, सामानात पिठाची पुडी असतेच.

"बाबा म्हणतात, कशानं बरी झाली ते मले माहीत नाही. पण आता थांबवायची हिंमत होत नाही," स्नेहल म्हणाली. "काकू, मुंग्या न मारता काहीच नाही का करता येणार?"

मी नळ बंद केला. खरं सांगायचं तर आजवर तसा विचार करायची वेळच आली नव्हती. "बाबा किती पीठ घालतात?"

"एक वाटी. सकाळी."

"मग ते दुपारी संपत असेल. पुढे दिवसभर त्या काय खातील? समोर माझं बी पडलेलंच आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि हसली. मीही हसले. दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती.

दुसऱ्या दिवशी मी देवरावभाऊंना म्हटलं, "भाऊ, मुंग्यायले कोणी हात लावणार नाही. पण तुमचं काम वाढवून राह्यले मी. भिंतीच्या पलीकडच्या बाजूनं जाडा रवा, कणी अन् साखर घालायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पेरणीच्या आधीपासून सुरू करायचं, म्हणजे त्यायची वाट तिकडे पडते. अन् गवत उगवून येईपर्यंत एकही वेळ चुकवायची नाही. जमन तर मी पुन्हा पेरते. येईनच असं मी सांगत नाही. हे मी याच्याआधी केलं नाही."

"नाही आलं तं?"

"तर मीच प्लास्टिकवाल्याला फोन करते."

त्यांनी कडुलिंबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कणी बारीक पाह्यजे का जाडी?"

कौसाबाईला हे अजिबात पटलं नाही. "मुंगी का एका ठिकानी जेवते, बाई? तिले जिकडं दिसन तिकडं जाईन ते." पण पेरणी तिने पहिल्यापेक्षा चांगली केली. गणपती उठले होते, नवरात्र जवळ आलं होतं. यापेक्षा उशीर परवडला नसता, कारण कोजागरीनंतर रात्री थंड होतात आणि हरळीला थंडी मानवत नाही. हीच शेवटची संधी आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग ते दृश्य सुरू झालं, जे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. भिंतीपलीकडे कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून देवरावभाऊ बसलेले. बाजूला कणीचं पोतं. येणारे-जाणारे विचारायचे, "सेठ, काय करून राह्यले?" ते म्हणायचे, "पंगत आहे." बसून बसून ते लॉनचे राखणदारच झाले. गेटला कुलूप, किल्ली खिशात. कोणाचा कुत्रा आत शिरला तर दगड न मारता त्याला बिस्कीट दाखवून बाहेर आणायचे, कारण पळाला तर गवत उकरेल.

त्याच दिवसांत एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. त्याची माणसं दोन गाड्या भरून आली, लॉन पाहिजे म्हणून. ज्या माणसाने कोणाला कधी नाही म्हटलं नाही, तो आता काय करतो हे पाहायला मी आणि कौसाबाई पाण्याच्या टाकीमागे उभ्या राहिलो.

"नाही जमत, भाऊ," देवरावभाऊ म्हणाले.

"सेठ, तुम्ही कोणाले नाही म्हणून राह्यले, समजते ना?"

"समजते. साहेबायले माहा नमस्कार सांगा. गवत बाळंतीण आहे म्हणा. सव्वा महिना कोणाले आत घेत नाही."

ती माणसं एकमेकांकडे पाहत निघून गेली. वाढदिवस शाळेच्या मैदानावर झाला. पुढाऱ्याला राग आला की नाही कोण जाणे, पण पुढे ही गोष्ट तोच सभांमध्ये हसून सांगायचा असं ऐकलं.

नवव्या-दहाव्या दिवशी कौसाबाईने कपड्याचा कोपरा उचलला आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं, पुन्हा फसलं. जवळ गेले. मातीवर हिरवा धूर पसरावा तसं काहीतरी दिसत होतं. डोळा बारीक करून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढी पाती, सगळ्या वाटेवर, एकीला एक लागून.

"आली वो माय," कौसाबाई म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वतःशीच, "हरळी आली म्हनून खुश होनारी बाई मी पयलीच असन."

आम्ही देवरावभाऊंना हाक मारली. ते आले, काठाशी थांबले, वाकून पाहिलं, आणि परत आपल्या खुर्चीकडे गेले. दुपारच्या कणीची वेळ झाली होती.

सगळंच काही जमलं असं नाही. काउंटरपाशी तेलाने काळी झालेली माती मी वरवर बदलली होती, ती आणखी खोल खणायला हवी होती. तिथे गवत धरलंच नाही. शेवटी त्या जागेवर झेंडूच्या कुंड्या मांडल्या. मुंग्यांनीही थोडं बी नेलंच, स्टेजच्या डाव्या बाजूचा तुकडा शेवटपर्यंत विरळ राहिला. मला आजही तो लग्नाच्या फोटोत आधी दिसतो. आणि लॉनच्या धंद्यात एक गोष्ट मला कायम टोचत आली, ती म्हणजे पाणी. मे महिन्यात लोक टँकरची वाट पाहत असताना मी गवताला फवारा मारत असायची. पुढे मी सगळ्यांना सांगायला लागले, उन्हाळ्यात लॉन पिवळं होऊ द्या, हरळी मरत नाही, पुन्हा उठते. काहींनी ऐकलं, काहींनी दुसरा माळी पाहिला.

तुळशीचं लग्न झालं आणि स्नेहलचं लग्न आलं. देवरावभाऊंनी आम्हा चौघींना घरी येऊन पत्रिका दिली, अक्षता दिल्या. लॉनवर पाहुणी म्हणून जायची आमची ती पहिलीच वेळ. कौसाबाई आणि तिच्या जावा नवी लुगडी नेसून आल्या आणि खुर्चीच्या काठावर अवघडून बसल्या. गोरज मुहूर्त होता. नागपूरच्या सोयऱ्यांकडच्या म्हाताऱ्या बायका आल्या, त्यांनी खाली पाहिलं, चपला काढल्या, पायाने गवत चाचपलं, आणि खुर्च्या बाजूला सारून सरळ खाली मांड्या घालून बसल्या. त्यांना पाहून दुसऱ्या बसल्या. आचारी वाढायला आला तर अर्धं लग्न खाली बसलेलं. मंगलाष्टकं चालू असताना मी देवरावभाऊंकडे पाहत होते. ते मुलीकडे पाहत होते. पाठवणीच्या वेळी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. नवऱ्या मुलाने गाडीचं उघडलेलं दार पुन्हा हळूच लावलं आणि तो थांबून राहिला. मला तो जावई तेव्हाच आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुकसान पाहायला गेले. टाचांची भोकं, खुर्च्यांच्या पायांचे खड्डे, आचाऱ्यांनी भट्टी ओढत नेली त्याचा लांबच लांब ओरखडा. देवरावभाऊ मधोमध गवतावर बसले होते, कालच्याच कपड्यांत. डोळे सुजले होते.

"पाहा ताई, कशी दशा केली सोयऱ्यायनं," ते म्हणाले. पण तक्रारीचा सूर नव्हता. बायका बसल्या होत्या तिथे गवत गोल गोल दबलं होतं, ते हाताने दाखवत होते. "एवढी लग्नं झाली इथं, खाली कोणी बसलं नव्हतं. हे उठन का?"

"उठन. पाणी द्या अन् थोडे दिवस सोडून द्या."

तेवढ्यात गेटवर मोटारसायकल थांबली. महागावकडचा एक शेतकरी आणि त्याची लग्नाची मुलगी, लॉन बघायला आले होते. देवरावभाऊ उठले, कपड्यांवरचं गवत झटकलं, चेहरा पुसला. बाप लगेच भाव विचारायला लागला, मांडव किती, लाइट किती.

"ते नंतर सांगतो," देवरावभाऊ म्हणाले. "आधी चपला काढा अन् चालून पाहा."

बाप संकोचून उभा राहिला. मुलीने मात्र चपला काढल्या, ओढणी सावरली आणि दवाने ओल्या गवतावरून एकटीच स्टेजच्या दिशेने चालत गेली. अर्ध्यावर थांबून तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग वळून म्हणाली, "बाबा, हेच."

देवरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, कवाची तारीख देऊ?"

मी त्या ओरखड्याकडे पाहिलं, गोल दबलेल्या गवताकडे पाहिलं आणि म्हटलं, "तीन आठवडे जाऊ द्या."

"ऐकलं ना?" ते मुलीच्या बापाला म्हणाले. "तीन आठवड्यानंतरचा मुहूर्त काढून आणा. त्याच्या आधी मी कोणाचंच ऐकत नाही."